कंपन्यांच्या अडलेल्या प्रश्नांना उत्तर पाठवायचंय? पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

माझं पहिलं सबमिशन, म्हणजे पाठवलेलं उत्तर, २२ पानांचं होतं. दोन वेगवेगळ्या जातीचे प्लास्टिकचे भाग कमी तापमानाला चिकटवायचे, असा एका परदेशी कंपनीने बक्षीस लावून जगापुढे मांडलेला प्रश्न होता आणि मी अंबरनाथच्या एका रेझिन कारखान्यात बारा वर्षं काढलेली. म्हटलं, हा तर डाव्या हातचा मळ. चिकटद्रव्यांच्या इतिहासापासून सुरुवात केली, आकृत्या काढल्या, पुरवठादारांची यादीही जोडली. चार महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: अट क्रमांक ३ पूर्ण होत नाही.

अट क्रमांक ३ म्हणजे, चिकटद्रव्य ६० अंश सेल्सिअसच्या आत पक्कं झालं पाहिजे. माझं ८० ला होत होतं. अट मी वाचली होती, पण "८० चालेल की" असं मनातल्या मनात परस्पर ठरवून टाकलं होतं. कारखान्यात गिऱ्हाईकाला फोन करून असं चालवून घेता येतं. इथे फोन लावायला कुणी नसतं.

ते धरून सात वर्षांत १४ सबमिशनं झाली. एकाला पूर्ण बक्षीस, दोघांना अर्धंमुर्धं, उरलेल्या ११ ना नकार. हा हिशेब आधीच मांडतो, कारण "घरबसल्या डॉलर" असं सांगून कुणी तुम्हाला इकडे पाठवलं असेल तर इथूनच परत फिरलेलं बरं. पण तुम्ही कारखान्यात, लॅबमध्ये, डिझाइनमध्ये हात काळे केलेले असतील आणि डोक्याला खाद्य हवं असेल, तर पुढे वाचा.

प्रकार थोडक्यात असा. कंपनीच्या संशोधन विभागाचं एखाद्या ठिकाणी अडतं. तो प्रश्न कंपनी नाव झाकून किंवा उघडपणे बाहेर मांडते, बक्षीस लावते आणि जगात कुणालाही उत्तर पाठवू देते. औषधं बनवणाऱ्या एली लिलीने २००१ मध्ये यासाठी इनोसेंटिव्ह नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. २०२० मध्ये ते वाझोकू या ब्रिटिश कंपनीने घेतलं. हेन्री चेसब्रो या अमेरिकन प्राध्यापकांनी २००३ मध्ये या सगळ्या विचाराला 'ओपन इनोव्हेशन' (बाहेरच्यांना दार उघडून केलेलं संशोधन) म्हटलं आणि २००६ मध्ये जेफ हाऊ या पत्रकाराने 'क्राउडसोर्सिंग' (काम गर्दीकडून करून घेणं) हा शब्द रूढ केला. प्रश्न टाकणाऱ्याला सीकर म्हणतात, उत्तर देणाऱ्याला सॉल्व्हर. म्हणजे आपण सॉल्व्हर.

## १. आधी दार ओळखा

नवखे लोक सगळी दारं एकच समजतात आणि चुकीच्या दारात चुकीचा कागद घेऊन उभे राहतात.

पहिलं दार चॅलेंजच्या प्लॅटफॉर्मचं, म्हणजे असे बक्षिसाचे प्रश्न मांडणाऱ्या संकेतस्थळांचं. वाझोकू, हिरोएक्स, नाइनसिग्मा ही यातली नावं. डेटावाल्यांसाठी कॅगल, त्रिमितीय डिझाइनवाल्यांसाठी ग्रॅबकॅड. इथे प्रश्न, तारीख आणि बक्षीस ठरलेलं असतं. एकट्या माणसासाठी सुरुवातीला हेच दार योग्य.

दुसरं दार कंपनीच्या स्वतःच्या पोर्टलचं. प्रॉक्टर अँड गॅम्बलचं 'कनेक्ट प्लस डेव्हलप' यात सगळ्यात गाजलं. २००० साली ए. जी. लॅफ्ली प्रमुख झाल्यावर त्यांनी निम्मी नवनिर्मिती बाहेरून आणायचं लक्ष्य ठेवलं होतं. प्रिंगल्स या बटाट्याच्या वेफर्सच्या चकत्यांवर चित्रं-मजकूर छापण्याची युक्ती त्यांना इटलीत बोलोन्याच्या एका छोट्या बेकरीत सापडली. मात्र अशा पोर्टलवर बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं की गोपनीय काही पाठवू नका. म्हणजे पेटंटचा अर्ज आधी, पोर्टल नंतर. नुसती कल्पना घेऊन इथे जाऊ नका.

तिसरं आपल्या सरकारचं. संरक्षण खात्याचं आयडेक्स २०१८ पासून आहे, त्यात सैन्यदलांचे नेमके प्रश्न असतात आणि दीड कोटीपर्यंतचं अनुदान टप्प्याटप्प्याने मिळतं. पण बरोबरीने स्वतःचा वाटाही घालावा लागतो. जीवशास्त्राशी संबंधित काही असेल तर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान खात्याच्या बायरॅक या संस्थेचं 'बिग' अनुदान आहे, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. त्याची चौकशी पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये करता येते. ही दारं उत्पादन बनवू पाहणाऱ्यांची आहेत. नोकरी सांभाळून रविवारी उत्तर लिहिणाऱ्याची नाहीत. म्हणून या लेखात पुढे फक्त पहिल्या दाराबद्दल बोलतो.

## २. नोकरीचा करार कपाटातून काढा

हे पाऊल सगळे गाळतात. मीही गाळलं होतं.

नोकरीला लागताना सही केलेल्या करारात एक कलम असतं: नोकरीच्या काळात तुम्ही लावलेला शोध कंपनीचा. काही करारांत "कामाशी संबंधित" एवढंच असतं, काहींत घरी, सुट्टीत, स्वतःच्या खर्चाने लावलेला शोधही त्यात येतो. माझ्या एका मित्राला बक्षीस जाहीर झालं आणि प्लॅटफॉर्मने नोकरी देणाऱ्याचं हरकत नसल्याचं पत्र मागितलं. त्याच्या एचआरने फाइल विधी विभागाकडे पाठवली, तिथून ती साहेबांकडे, साहेब म्हणाले असा पायंडा पडला तर? पत्र मिळालं नाही. बक्षीस दुसऱ्याला गेलं आणि वर्षभर या मित्राकडे ऑफिसात सगळे संशयाने बघत राहिले.

तेव्हा करार वाचा. कलम कडक असेल तर पत्र आधी मागा, बक्षीस लागल्यावर नाही. आधी मागितलं तर ते किरकोळ कागद असतो. रकमेचा आकडा समोर आला की त्याचं प्रकरण होतं. आणि कंपनीच्या स्पर्धकाचा, पुरवठादाराचा किंवा गिऱ्हाईकाचा प्रश्न असण्याची जरा जरी शंका असेल तर त्याला हात लावू नका. सीकरचं नाव झाकलेलं असलं तरी वर्णनावरून धंद्यातल्या माणसाला अंदाज येतोच. तुम्ही स्वतःचा धंदा करत असाल तर सुटलात. फक्त गिऱ्हाइकांबरोबर केलेले गोपनीयतेचे करार एकदा चाळा.

## ३. प्रश्न निवडताना आपल्या गल्लीच्या बाहेर बघा

आपल्याच विषयातला प्रश्न दिसला की हात शिवशिवतात. पण थांबा. त्या कंपनीत तुमच्याच विषयातली पंधरा-वीस माणसं पगारावर आहेत आणि तुम्हाला सुचलेल्या पहिल्या पाच गोष्टी त्यांनी करून पाहिलेल्या आहेत. म्हणून तर प्रश्न बाहेर आला.

लार्स बो येपेसेन आणि करीम लखानी या संशोधकांनी इनोसेंटिव्हवरच्या १६६ प्रश्नांचा अभ्यास केला होता. हे प्रश्न २६ कंपन्यांच्या प्रयोगशाळांत अडलेले होते. त्यांतले ३० टक्क्यांच्या आसपास बाहेरच्यांनी सोडवले. गंमत पुढे आहे: प्रश्नाचा विषय सॉल्व्हरच्या स्वतःच्या विषयापासून जितका लांब, तितकी त्याची जिंकण्याची शक्यता वाढत होती. स्त्रियांचं यशही पुरुषांपेक्षा जास्त निघालं. मुख्य वर्तुळाच्या बाहेर राहावं लागलेल्यांना वेगळं दिसतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. मला तो पटतो.

याचं माझं आवडतं उदाहरण अलास्कातलं आहे. समुद्रात सांडलेलं तेल गोळा करून बार्जवर (सपाट मालवाहू नौकेवर) घेतलं की थंडीमुळे ते इतकं घट्ट होई, की पंपाने उपसता येईना. १९८९ मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ या तेलवाहू जहाजातून झालेल्या तेलगळतीनंतर स्थापन झालेल्या 'ऑइल स्पिल रिकव्हरी इन्स्टिट्यूट'ने २००७ मध्ये हा प्रश्न इनोसेंटिव्हवर टाकला. सोडवला जॉन डेव्हिस या इलिनॉयच्या रसायनतज्ज्ञाने. त्याचा तेलउद्योगाशी संबंध नव्हता. त्याला आठवला तो काँक्रीटचा व्हायब्रेटर. स्लॅब टाकताना आपल्याकडे माल बसवायला खुपसतात ना, तोच. हलत राहिलेलं काँक्रीट वाहतं राहतं, तसंच तेलही राहील. बक्षीस २०,००० डॉलर.

माझंही असंच झालं. पूर्ण बक्षीस मिळालेल्या उत्तराबद्दल करारामुळे बोलता येत नाही, पण अर्ध्या बक्षिसाचं एक सांगता येतं. चिकट लेप लावलेल्या शीट एकावर एक रचल्या की चिकटतात, काय करावं, असा प्रश्न होता. मी रेझिनच्या बाजूने पंधरा दिवस डोकं फोडलं. मग डोंबिवलीत मेव्हण्याच्या छापखान्यात लग्नपत्रिका घ्यायला गेलो. ऑफसेट छपाईच्या यंत्रावर ओली शाई वरच्या कागदाला लागू नये म्हणून छापील कागदावर स्टार्चची बारीक पावडर फवारतात. मेव्हणा ती तीस वर्षं वापरतोय. त्याला विचारलं, कणाचा आकार किती असतो रे? तर म्हणाला, डब्यावर लिहिलंय, बघा.

माझा आता नियम असा: प्रश्न असा घ्यायचा, ज्यातलं मूळ दुखणं मला कळतं पण ज्याचा धंदा माझा नाही. आणि ज्याची निदान एक चाचणी दहा हजारांच्या आत करता येईल.

## ४. प्रश्न टेंडरसारखा वाचा

सरकारी टेंडर भरलेल्यांना हे सांगावं लागत नाही. एक रकाना राहिला की लिफाफा बाजूला जातो, तसंच इथे.

प्रश्नाचा तपशील उघडला की चार गोष्टी शोधून वहीत वेगळ्या लिहा. एक, आवश्यक अटी. यातली एकही चुकली तर बाकी उत्तर सोन्याचं असलं तरी बाद. दोन, असल्यास बऱ्या अशा अटी. बरोबरीच्या दोन उत्तरांत फरक यांवर पडतो. तीन, सीकरला नको असलेल्या पद्धती. बरेच जण हा भाग वाचतच नाहीत, आणि माझ्या मते पूर्ण तपशिलातला हाच सगळ्यात मोलाचा परिच्छेद असतो, कारण त्यांनी काय काय करून पाहिलं आणि कुठे हरले ते इथे कळतं. चार, नेमकं काय पाठवायचंय.

चौथ्यावरून चॅलेंजची जात कळते. नुसत्या कल्पना मागवणारं असेल तर दोन-तीन पानं पुरतात. बक्षीस लहान असतं आणि अनेकांत वाटलं जातं. कागदावरचं पूर्ण उत्तर मागणारं असेल तर त्यात तत्त्व, आकडे आणि संदर्भ लागतात. प्रत्यक्ष करून दाखवा म्हणणारं असेल तर नमुना आणि चाचण्यांचा डेटा पाठवावा लागतो. बक्षीस मोठं, खर्च तुमचा. पहिल्या वर्षी पहिल्या दोन जातींतच राहा.

शंका असेल तर प्लॅटफॉर्मवर प्रश्न विचारायची सोय असते. विचारा. मी "८० चालेल का" एवढं विचारलं असतं तर २२ पानांचे कष्ट वाचले असते.

## ५. हक्काचं कलम, इथे घाई नको

प्रश्नाचा पूर्ण तपशील बघायला बहुतेक ठिकाणी आधी 'मान्य आहे' वर टिचकी मारावी लागते. ती टिचकी म्हणजे सही. त्या मजकुराची पीडीएफ उतरवून घ्या, तारखेसह जपून ठेवा आणि चहा घेऊन शांतपणे वाचा. शोधायचं ते हे.

हक्क कायमचे देऊन टाकायचे आहेत, की फक्त वापरायचा परवाना द्यायचा आहे? परवाना असेल तर एकट्या त्या कंपनीलाच, की तुम्ही इतरांनाही देऊ शकता? बक्षीस न मिळालेल्या उत्तरांचं काय होतं? चांगल्या प्लॅटफॉर्मवर लिहिलेलं असतं की न निवडलेलं उत्तर सीकरने वापरायचं नाही, हक्क सॉल्व्हरकडेच राहतील. हे वाक्य सापडलं नाही तर मी तिथून उठतो. "पाठवलेल्या सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे" असं असेल तर ते चॅलेंज नाही, फुकटात कल्पनांची वर्गणी गोळा करणं आहे. हॅकेथॉनमध्ये हे फार दिसतं, कॉलेजच्या पोरांनी विशेष जपावं.

आता आपल्या देशातली एक गोष्ट, जी परदेशी प्लॅटफॉर्मच्या मदतपानांवर तुम्हाला ठळक दिसणार नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे भारतात राहणाऱ्या माणसाला आपल्या शोधासाठी परस्पर बाहेरच्या देशात पेटंटचा अर्ज करता येत नाही आणि दुसऱ्याकडून करवताही येत नाही. दोन वाटा आहेत. आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, किंवा पेटंट कार्यालयाकडे फॉर्म २५ भरून लेखी परवानगी घ्यायची. ती साधारण २१ दिवसांत मिळते. मोडल्यास शिक्षेची तरतूद आहे. तुम्ही जिंकलात आणि अमेरिकेतल्या कंपनीने तुम्हाला शोधक दाखवून तिथे अर्ज टाकला, तर प्रश्न तुमच्या दारात येतो. म्हणून जिंकल्याचं पत्र आलं की सीकरला पहिल्याच मेलमध्ये हे कळवा. त्यांच्या वकिलांना हा नियम माहीत असतो, फक्त कुणीतरी आठवण करून द्यावी लागते.

स्वतःचा अर्ज आधी टाकावा का? उत्तर खरोखर नवं असेल आणि चॅलेंज फक्त परवाना मागत असेल, तर हो. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज भरता येतो, पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा. मी भरला तेव्हा एकट्या व्यक्तीसाठी ऑनलाइन फी १,६०० रुपये होती. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी कार्यालय मुंबईचं. पण चॅलेंज पूर्ण हक्क मागत असेल तर असा अर्ज टाकल्याचं सबमिशनमध्ये उघड सांगा. लपवलं आणि नंतर निघालं तर बक्षीस गेलंच, वर नाव खराब.

आणखी एक. उत्तर सुचल्याच्या आनंदात लिंक्डइनवर किंवा कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. अमेरिकेत स्वतःच जाहीर केल्यानंतर अर्ज करायला वर्षभराची सवलत आहे. आपल्याकडे ती ठरावीक प्रदर्शनं, विद्वत्सभेतला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरतीच आहे. जाहीर झालं की नावीन्य संपलं.

## ६. दोन संध्याकाळी पेटंटांत घालवा

गूगल पेटंट्स, युरोपचं एस्पासनेट आणि आपल्या पेटंट कार्यालयाचं इनपास, पेटंट शोधायची ही तिन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. शब्द बदलून बदलून शोधा. आपण ज्याला 'चिकटणं' म्हणतो त्याला कागदांत सहा नावं असतात. जवळचं एखादं पेटंट सापडलं की त्यावरचा वर्गीकरणाचा कोड घ्या आणि त्या कोडने पुन्हा शोधा. शब्दांपेक्षा कोड जास्त कामाला येतो. बघायचं एवढंच की तुमचं उत्तर कुणाच्या चालू पेटंटमध्ये अडकतंय का. सामान्यतः मुदत २० वर्षं, त्यामुळे जुनं पेटंट सापडलं तर उलट आनंद माना: तत्त्व चालतं याचा पुरावा मिळाला आणि वापरायलाही मोकळं.

## ७. एक तरी ट्रायल

कागदावरचं उत्तर मागितलं असलं तरी एक साधी चाचणी करून तिचा फोटो आणि आकडे जोडा. तपासणाऱ्यासमोर पन्नास 'असं व्हायला हवं' असतात. त्यांत एक 'असं झालं' उठून दिसतं.

यंत्रसामग्री फार लागत नाही. वजनकाटा, थर्मामीटर, मोबाइलचा कॅमेरा, स्टॉपवॉच. ताकद मोजायची असेल तर एनएबीएल (चाचणी प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबमध्ये नमुने द्या. ठाणे-पुणे पट्ट्यात अशा लॅब पुष्कळ आहेत. आधी फोनवर विचारून घ्या की नमुना कोणत्या मापाचा लागतो. मी एकदा पट्ट्या पाच मिलिमीटरने आखूड कापून नेल्या आणि तशाच परत आणल्या. प्रत्येक गोष्टीची निदान तीन रीडिंग घ्या. त्यांतलं एक फसलं असेल तर तेही लिहा. फसलेलं रीडिंग दाखवणाऱ्या माणसाच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

आणि सॉल्व्हंटची, म्हणजे थिनरसारख्या पेट घेणाऱ्या द्रावकांची, कामं घरात नको. मी एकदा गॅलरीत टोल्युइन वापरलं. शेजारच्या काकूंनी आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला आणि मग गॅसवाल्याला. त्यांचं बरोबरच होतं. खाली कुणी गॅस पेटवला असता तर? ओळखीच्या वर्कशॉपमध्ये किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये परवानगीने करा.

## ८. लिहिताना तपासणारा डोळ्यांपुढे ठेवा

तपासणाऱ्याच्या टेबलावर गठ्ठा असतो आणि त्याचं पहिलं काम गठ्ठा कमी करणं हे असतं. तुम्हाला नाकारायचं कारण तो शोधतोय. ते त्याला सापडू द्यायचं नाही.

पहिल्या परिच्छेदात उत्तर. प्रस्तावना नको, 'मी अमुक वर्षांचा अनुभवी' नको. "शीटवर अमुक आकाराच्या कणांची स्टार्च पावडर फवारावी, कणांमुळे दोन थरांत अंतर राहतं," इथून सुरुवात. लगेच खाली तक्ता: डावीकडे त्यांची अट त्यांच्याच शब्दांत, मध्ये 'पूर्ण होते' किंवा 'अंशतः', उजवीकडे पुरावा कोणत्या पानावर. मग तत्त्व, मग आकडे, मग माल कुठे मिळतो आणि अंदाजे किंमत. शेवटी, उत्तर कुठे कमी पडू शकतं आणि ते तपासायला त्यांनी कोणती चाचणी करावी. नवखे हा भाग घाबरून गाळतात. मला दोन्ही अर्धी बक्षिसं या भागामुळे मिळाली, असं अभिप्रायावरून दिसलं.

भाषेचं भय बाळगू नका. मी आधी वहीत मराठीतच लिहून काढतो. जे मराठीत धड सांगता येत नाही ते मलाच कळलेलं नसतं, हे लगेच उघडं पडतं. मग छोट्या वाक्यांत इंग्रजी करतो. चॅटबॉटकडून भाषा तपासून घ्यायची असेल तर आधी नियम बघा: गोपनीय प्रश्न तिथे चिकटवणं हाच करारभंग असू शकतो. आणि त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून वाचा, नसलेले निबंध तो बेधडक ठोकून देतो.

## ९. पाठवणं

शेवटची वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते बघा. न्यूयॉर्कची रात्रीची ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:२९, आणि हिवाळ्यात १०:२९. लंडनची वेगळी. मी एक दिवस आधी पाठवतो, कारण शेवटच्या तासाला साइट रडते आणि पावसाळ्यात आमच्याकडचे दिवेही.

उशिराची किंमत किती असते बघा. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये सिनेमे सुचवणारी पद्धत १० टक्क्यांनी सुधारा म्हणून १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं. २००९ मध्ये शेवटच्या दिवशी दोन संघांची सुधारणा सारखीच निघाली, १०.०६ टक्के. बक्षीस २० मिनिटं आधी पाठवणाऱ्या संघाला गेलं.

भाग घ्यायलाच पैसे मागणारं काही दिसलं तर सावध. एक्स प्राइझसारख्या मोठ्या स्पर्धांना नोंदणी फी असते हे खरं, पण साध्या चॅलेंजला फी, वर "प्रक्रिया शुल्क भरा मग बक्षीस सोडतो" असा मेल आला तर तो चोर आहे.

## १०. नंतर

वाट पाहायची. तीन महिने, सहा महिने, कधी त्याहून जास्त. नकारात कारण एका ओळीचं असतं, कधी तेही नाही. वाईट वाटतं. पुढचा प्रश्न घ्या.

निवड झाली तर आधी तपासणी होते. हे कागद आत्ताच एका फोल्डरमध्ये ठेवा:

- पॅन कार्ड आणि पासपोर्ट, दोन्हींवर नाव अक्षरशः सारखं. माझ्या एकावर वडिलांचं नाव होतं, एकावर फक्त आद्याक्षर. तीन आठवडे त्यात गेले
- नोकरी देणाऱ्याचं हरकत नसल्याचं पत्र
- मान्य केलेल्या कराराची पीडीएफ
- ट्रायलची वही, तारखांसह. पानं फाडू नका
- सोबत कुणी काम केलं असेल तर वाटणीचा साधा लेखी कागद, दोघांच्या सह्यांचा. हा सबमिशनच्या आधी करा
- पैसे अमेरिकेतून येणार असतील तर तिथल्या करासाठीचा डब्ल्यू-८बेन फॉर्म
- परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा स्विफ्ट कोड

पैसे आले की शाखेतून फोन येतो: रक्कम कशाची? परदेशी रकमेला पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक, लागतो. "बक्षीस" एवढंच सांगितलं तर समोरच्याला लॉटरी वाटते. निवडीचं पत्र आणि करार मेल करा आणि पैसे बाहेरून आल्याचा दाखला मागून घ्या. कर बक्षीस म्हणून लागेल की हक्क विकल्याचं उत्पन्न म्हणून, हे कराराच्या शब्दांवर ठरतं आणि दोन्हींत फरक मोठा आहे. सीएला करार दाखवा, नुसती रक्कम सांगून सल्ला घेऊ नका.

रकमेबद्दल अपेक्षा मात्र जमिनीवर ठेवा. जीई कंपनीने २०१३ मध्ये जेट इंजिनाच्या ब्रॅकेटचं (आधार देणाऱ्या धातूच्या भागाचं) वजन कमी करायचं चॅलेंज ग्रॅबकॅडवर लावलं होतं. जवळपास ७०० डिझाइनं आली. जिंकला इंडोनेशियाचा एम. आरी कुर्नियावान, दोन किलोंचा ब्रॅकेट त्याने ३२७ ग्रॅमवर आणला, म्हणजे ८४ टक्के घट. पहिलं बक्षीस ७,००० डॉलर. विमानाच्या इंजिनात एकेका ग्रॅमची किंमत काय असते ते ठाऊक असलेल्याला हा आकडा बोचतो, मलाही बोचतो. ज्यांचं उत्तर निवडलं गेलं नाही त्यांचे तास तर कुणीच मोजत नाही. कंपन्यांना हे स्वस्तात पडतं, यात शंका नाही. तुम्ही तुमच्या रविवारची किंमत लावा आणि मगच उतरा. उत्तर वापरलं जाईल असंही धरून चालू नका. नेटफ्लिक्सनेही ती जिंकलेली अंतिम पद्धत पूर्णपणे कधी वापरली नाही.

नाकारलेली उत्तरं मात्र फेकू नका. हक्क तुमच्याकडे राहिल्याची खात्री करा, सीकरकडून कळलेली गोपनीय माहिती काढून टाका, आणि उरलेलं नाव-तारीख घालून ठेवून द्या. माझं ते ८० अंशांचं चिकटद्रव्य तीन वर्षं पडून होतं. मग दुसऱ्याच देशातल्या, दुसऱ्याच धंद्यातल्या एकाचा प्रश्न आला, तापमानाची मर्यादा ९० अंश. २२ पानांची पाच केली, तक्ता घातला आणि पाठवलं. दुसरं अर्धं बक्षीस ते.